कच्ची वही, पक्की वही आणि माझा फोन

ओटीपी बघायला म्हणून मुलाने माझा फोन उचलला आणि खिदळायलाच लागला. "आई, तुझ्या त्या कामांच्या ॲपवर १४३ लाल झालेत!" लाल म्हणजे तारीख उलटून गेलेली. मी फोन हिसकावून घेतला, पण नंतर जेवणं आटोपल्यावर एकटीच बसून ती यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि खरं सांगते, लाज वाटली. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, पडद्यांचं माप, बाल्कनीतला नळ, मावशीला फोन (मावशीला तर मी दर रविवारी फोन करते, टिक मारायचं राहिलं एवढंच), आणि सगळ्यात तळाला, सगळ्यात जुनं, "पेटी दुरुस्त करून घेणे". पेटी म्हणजे बाजाची पेटी, सासूबाईंची. त्या कामाला सात महिने झाले होते. म्हणजे सात महिने त्या ॲपने रोज सकाळी न चुकता मला पेटीची आठवण केली, आणि मी रोज सकाळी न चुकता अंगठ्याने ते "उद्या"वर ढकललं, चहा गाळता गाळता.

दोनशे वेळा ढकललं असेल आणि एकदाही मनात आलं नाही की अगं, हे करायचंय का नाही तुला?

मी बडोद्याची. घरूनच चार-पाच लहान दुकानदारांचे हिशेब बघते, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी वगैरे, त्यामुळे मी काही "कागद तो कागद, आमच्या वेळी असं नव्हतं" गटातली नाही. माझं पोटापाण्याचं काम सगळं स्क्रीनवर आहे आणि तिथे मी फोनशिवाय एक दिवस चालू शकत नाही. महिन्याच्या ७ ला टीडीएस, म्हणजे पैसे देताना आधीच कापलेला कर, भरायचा (मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत), ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, २० ला ३बी, म्हणजे गोषवारा आणि कर, जे तीन महिन्यांनी रिटर्न भरणारे आहेत त्यांचं ३बी आपल्या गुजरातला २२ ला, ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. हे सगळं फोनच्या कॅलेंडरमध्ये एकदाच घातलंय, प्रत्येकाला दोन रिमाइंडर, एक चार दिवस आधी आणि एक आदल्या दिवशी सकाळी. यात काही तत्त्वज्ञान नाही. जीएसटीचं रिटर्न उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी लागते, निल, म्हणजे काही व्यवहारच नसलेलं, असेल तरी २०, आणि शेठ लोक ती माझ्याकडे बघत बघत भरतात.

पण घरची कामं अशी नसतात ने. बाल्कनीतल्या नळाला कुठे ड्यू डेट असते. ॲपमध्ये टाकताना ते विचारतं, कधी? मग मी आपलं काहीतरी ठोकून देते, शनिवार. शनिवार का? काही कारण नाही, शनिवार लांब वाटला म्हणून. मग शनिवार येतो, नळ तसाच, आणि एक लाल आकडा वाढतो. खोटी तारीख घातली की खरी तारीखही हळूहळू खोटी वाटायला लागते, हे मला फार उशिरा कळलं.

याच्या आधी मी डायरीवाली होते, हेही सांगायला पाहिजे. दर वर्षी नवीन डायरी, आणि डायरी सुरू करायला आम्हा बडोद्याच्या मराठी माणसांकडे मुहूर्त चिक्कार. १ जानेवारीला हुकलं तर गुढीपाडवा आहे, तो गेला तर हिशेबवाल्यांचं नवीन वर्ष १ एप्रिलला आहेच, आणि तेही गेलं तर दिवाळीनंतर कार्तिकातलं बेसतं वर्ष, गुजराती नवीन वर्ष. चार वेळा नव्याने सुरुवात करता येते. मी चारही वेळा केलेली आहे, एकाच डायरीत. पहिली अकरा पानं सुंदर अक्षरात, मग वाण्याची यादी, मग मुलाने काढलेली क्रिकेटची टीम, मग कोरं.

तरी ती डायरी चालत होती, खरंच चालत होती, ऑगस्ट २०२४ पर्यंत.

त्या वेळी जे इथे होते त्यांना सांगायला नको. जन्माष्टमी होती, २६ तारीख, पाऊस थांबायचं नावच घेईना, वर आजवा धरणाचं पाणी, आणि आमच्या विश्वामित्री नदीने पात्र सोडलं. धोक्याची पातळी २५ फूट आहे, ती ३५ च्याही वर गेली. आमचं घर समा भागात, तळमजला. रात्री गटारातून बुडबुडे यायला लागले तेव्हा आम्ही सासूबाईंना, औषधांची पिशवी आणि कागदपत्रांची फाइल घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. पेटी ह्यांनी डोक्यावर धरून नेली, पण जिन्यात आपटली, ती तेव्हाची बिघडलेली आहे. डायरी ड्रॉवरमध्ये राहिली, खालच्या.

आता गंमत बघा. लाइट गेली ती तीन दिवस. माझा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी बंद पडला, ह्यांचा संध्याकाळी. माझ्या बहिणीचा नंबर मला पाठ नाही. सख्खी बहीण, रोजचं बोलणं, आणि नंबर माहीत नाही, कारण गेल्या पंधरा वर्षांत तो मी कधी दाबलाच नाही, नावावर बोट ठेवते. शेजाऱ्यांच्या फोनमध्ये थोडी बॅटरी होती पण करणार कुणाला? शेवटी सासूबाईंनी औषधांच्या पिशवीतून त्यांची ती चिटुकली वही काढली, वर गणपतीचं चित्र, आत वीस-पंचवीस नंबर. त्यात माझ्या बहिणीचा होता. माझ्या नाही, त्यांच्या वहीत.

त्यामुळे कागद जिंकला म्हणाल तर थांबा. पाणी उतरल्यावर खाली आलो तर डायरीचा पाव झाला होता, फुगलेला, चिखलाच्या वासाचा. पानं सोडवून पंख्याखाली वाळवली. जे बॉलपेनने लिहिलं होतं ते सगळं वाचता आलं, आणि जे मी हौसेने जेलपेनने लिहिलं होतं ते एकजात निळं ढग होऊन गेलेलं. पावसाळ्यात डायरी लिहिणाऱ्यांसाठी माझ्याकडे हा एक सल्ला आहे, बाकी काही नाही. आणि तिकडे फोन? चार्जिंगला लावला, दहा मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. फोटो, नंबर, क्लायंटच्या तारखा, सगळं. फोनला काही झालंच नव्हतं. मी चिखलात उभी आणि तो विचारतोय, अपडेट करायचं का?

त्या रागात मी सगळं डिजिटल करून टाकलं. कागद आता बस, असं म्हणून. आणि सुरुवातीचे दोन महिने मजा आली, खोटं कशाला बोलू. वाणसामानाची यादी मी आणि ह्यांनी शेअर केली, मी घरून "रवा" लिहिलं की ह्यांना दुकानात दिसतो. सासूबाईंच्या बीपीच्या गोळीचा अलार्म. शोधायचं म्हटलं की दोन अक्षरं टाइप केली की हजर, डायरीत तेच शोधायला मी अर्धा तास घालवलेला आहे. पण मग व्हायचं असं की "हळद संपली" एवढं लिहायला फोन उघडावा, वरून एक मेसेज डोकावतो, तो बघितला, त्यात कुणीतरी लिंक पाठवलेली, आणि वीस मिनिटांनी मी ओट्याशी उभी राहून कुणीतरी अनोळखी बाई ढोकळ्याचं पीठ फेटताना बघतेय. हळद लिहायची राहिलेलीच. आणि १४३.

मला यातून बाहेर काढलं ते माझ्या एका क्लायंटने, आणि त्यांना ते माहीतही नाही. बडोद्याच्या जुन्या बाजारात, मांडवीत, त्यांचं घाऊक सामानाचं दुकान आहे, वडिलोपार्जित, गादी-तक्क्याचं. सगळा हिशेब मी टॅलीत घालते, बिलं कॉम्प्युटरवर निघतात, तरी दिवाळीला लाल चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या, येतात, पूजा होते, ते मी धरून चालले होते की नुसता शास्त्रापुरता मामला. एकदा संध्याकाळी बिलं घ्यायला गेले तर उशीर झाला आणि मला शेठना बघत बसावं लागलं. त्यांच्या बाजूला एक लोखंडी तार असते, लाकडी ठोकळ्यात उभी, तिच्यात दिवसभराच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. कुणाकडे माल पाठवायचा, कुणाला फोन, कुणाचे किती येणे. सिगारेटच्या पाकिटाच्या मागे लिहिलेलंसुद्धा त्यात असतं. दुकान मिटायच्या आधी शेठ ती सगळी चळत काढतात, एकेक चिठ्ठी बघतात आणि जे राहिलंय ते चोपड्यात, पक्क्यात, हाताने उतरवतात. झालेलं फाडून टाकतात.

मी म्हटलं, शेठ, हे सगळं मी कॉम्प्युटरमध्ये घालतेच की, परत का लिहिता? ते न बघताच म्हणाले, "लखतां लखतां याद आवे, बेन." लिहिता लिहिता आठवतं. आणि तेवढ्यात त्यांचा हात थांबला. एका चिठ्ठीवर त्यांनी पेन दोनदा आपटलं, पोराला हाक मारली, विचारलं की अमक्याचा चेक बाउन्स झाला होता तो पुन्हा भरला का? नव्हता भरला. तो टॅलीत दिसत होता बरं का, मला विचारलं असतं तर मी रिपोर्ट काढून दिला असता. पण विचारायचं डोक्यात यायला पाहिजे ने, आणि ते आलं उतरवून काढताना.

आपल्याकडे याला कच्ची वही, पक्की वही म्हणायचे, माझे आजोबा रोजकीर्द आणि खतावणी म्हणायचे, शेठ रोजमेळ म्हणतात. अमेरिकेत रायडर कॅरोल नावाच्या एका डिझायनरने २०१३ च्या सुमाराला याच धर्तीची पद्धत कामांच्या यादीसाठी काढली, बुलेट जर्नल, आता तरुण मुली त्यात रंगीत पेनं आणि नक्षीची चिकटपट्टी (वॉशी टेप) लावून व्हिडिओ करतात. मूळ पद्धत मात्र अगदी रुक्ष आहे. कामापुढे टिंब, झालं की फुली, राहिलं की बाण काढून पुढच्या पानावर पुन्हा लिहायचं. आणि तो म्हणतो की हे पुन्हा लिहायचे कष्ट मुद्दाम ठेवलेत, लिहायचासुद्धा कंटाळा येत असेल तर ते काम करायच्या लायकीचं नाही. हे वाचल्यावर मला शेठची तार आठवली आणि जरा हसू आलं. आपल्या मांडवीत बसून कुणी याला नाव दिलं नाही एवढंच.

राहिलेलं काम डोक्यात टोचत राहतं हेही जुनंच आहे. ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी १९२७ मध्ये त्यावर लिहिलं की अर्धवट सोडलेली कामं पूर्ण झालेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात. पण मला त्याहून पटलेला २०११ चा एक अभ्यास आहे, मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचा, की ते टोचणं थांबायला काम पूर्णच व्हायला लागतं असं नाही, कधी-कुठे-कसं करणार हे नीट ठरवलं तरी डोकं गप्प बसतं. "उद्या" दाबणं म्हणजे ठरवणं नाही. ते फक्त बेल बंद करणं आहे, दार कोण वाजवतंय ते बघितलंच नाही.

तर आता माझं असं चाललंय. जीएसटीच्या रद्दी प्रिंटआउटचे मी चार तुकडे करते, मागची बाजू कोरी असते. (क्लायंटचे आकडे असलेले नाही हं, ते फाडूनच टाकते, ब्लँक निघालेली पानं.) रोज एक तुकडा. ज्याला घड्याळ किंवा दंड आहे ते फोनवर, बाकी सगळं तुकड्यावर. रात्री जे राहिलं ते दुसऱ्या तुकड्यावर उतरवायचं, आणि उतरवताना हात कुठे अडतो ते बघायचं. तार मात्र मी नाही आणली, घरात लहान भाचरं येतात. फ्रीजवर मॅग्नेटखाली.

पहिल्या आठवड्यातच १४३ मधले शंभराच्या वर गळाले. मी ते उतरवलेच नाहीत. पडद्यांचं माप! आमच्याकडे पुरानंतर नवीन पडदे येऊन लटकलेत, मी कोणत्या पडद्यांचं माप घेणार होते देव जाणे.

कागदाचे ताप आहेत, नाही कशाला म्हणू. एक तुकडा पंजाबीच्या खिशात धुतला गेला. एकदा मार्केटला पोहोचले आणि यादी फ्रीजवर, मग ह्यांना फोन करून वाचायला लावली तर ह्यांना माझं अक्षर लागेना, "मु. पी." म्हणजे काय, मुगाचं पीठ की मुलतानी माती? (मुलतानी मातीत पी कुठून आला हे विचारायचं मी टाळलं.) त्यामुळे वाणसामान परत शेअर केलेल्या यादीवर गेलं, ते तिथेच बरं. आणि सासूबाईंच्या गोळीचा अलार्म फोनवरच, कारण चिठ्ठी वाजत नाही. मुलाचं तर सगळंच फोनमध्ये आहे, युनिव्हर्सिटीचं टाइमटेबल, सबमिशन, क्रिकेटचा ग्राउंड बुकिंग, आणि त्याचं काही अडत नाही, मी त्याला काही शिकवायला जात नाही. ह्यांचं म्हणणं असं की ज्याला कामं करायची नसतात तोच याद्यांच्या पद्धती बदलतो. असेलही.

पण एक गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती. फोनमधली यादी माझ्या एकटीची होती. फ्रीजवरची कुणाचीही आहे.

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, आणि सासूबाई तर १९७३ ला जयंतराव साळगावकरांनी ते काढलं तेव्हापासूनचा दाखला देतात. त्याच्या चौकोनात आमच्या घरी सगळे लिहितात. दुधाचे खाडे, बाईचे खाडे, ह्यांची शिफ्ट, चतुर्थी छापलेलीच असते त्याखाली "साबुदाणा भिजव". पुरात ते भिंतीवर होतं, पाणी त्याच्या खालच्या कडेपर्यंत येऊन थांबलं, ऑगस्टच्या पानाच्या खाली तपकिरी रेघ आहे, ते पान सासूबाईंनी फेकू दिलं नाही. तर माझे तुकडे फ्रीजवर, कालनिर्णयाच्या शेजारी, आणि सासूबाई येता-जाता ते वाचतात हे मला माहीतच नव्हतं. चष्मा लावून, सावकाश, पेपर वाचल्यासारखे.

"पेटी दुरुस्त करून घेणे" मी नऊ रात्री उतरवलं. नऊ. पहिल्या दोन-तीन वेळा मुकाट्याने, मग "पेटी दु.", मग नुसतं "पेटी". नवव्या रात्री हात अडला आणि मी स्वतःला विचारलं की बाई, खरं सांग. सासूबाईंचे हात आता कापतात, पुरानंतर त्यांनी पेटीचं नाव काढलेलं नाही, घरात दुसऱ्या कुणाला सा लागत नाही, दोन-तीन हजार घालून ती दुरुस्त करायची आणि परत कपाटावर ठेवायची, कशासाठी? मी त्यावर आडवी रेघ मारली. दुसऱ्या तुकड्यावर उतरवलं नाही. हलकं वाटलं, पद्धत चालतेय असं वाटलं, त्या आनंदात मी नळवाल्याला फोनसुद्धा केला.

शनिवारी सकाळी दूधवाल्याचा खाडा लिहायला म्हणून कालनिर्णयाशी गेले तर त्या दिवसाच्या चौकोनात तिथीच्या खाली बॉलपेनने, कापऱ्या अक्षरात, ओळ सोडून दोन ओळींत लिहिलेलं: "पेटीवाला ४ वाजता. रेघ मारू नये."

फोन त्यांनी स्वतः केला होता, त्या गणपतीच्या वहीतून नंबर काढून.